चर्चेअंती एकमताने मंजूर

महापालिकेच्या सभेचं इतिवृत्त तुम्ही कधी वाचलंय? नसेल वाचलं तर फार काही हुकलेलं नाही. विषय क्रमांक, विषयाचं नाव, सूचक अमुक, अनुमोदक तमुक आणि शेवटी ते वाक्य: ‘चर्चेअंती एकमताने मंजूर’. विषय रस्त्याचा असो, कचऱ्याच्या ठेक्याचा असो, नाहीतर शाळेसाठी राखीव ठेवलेल्या जागेचा असो, वाक्य बदलत नाही. सभागृहात फारच आरडाओरडा झाला असेल तर ‘एकमताने’च्या जागी ‘बहुमताने’ येतं, एवढाच काय तो फरक.

माझं भांडण त्या ‘चर्चेअंती’शी आहे. चर्चा कुणी केली? किती मिनिटं? कुणी काय विचारलं, अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिलं, कुणाचा प्रश्न हसण्यावारी नेला, निवडणुकीत आपल्या दारात येऊन हात जोडणारा माणूस त्या वेळी काय करत होता? हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलेलं असतं. निर्णय आपल्याला कळतो, कारण तो लपवता येत नाही. रस्ता खणला की दिसतोच. तो निर्णय का झाला, हे मात्र त्या खोलीत बसलेल्यांनाच माहीत असतं. त्यांच्याही आठवणी पुढच्या निवडणुकीपर्यंत सोयीप्रमाणे बदलतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे ॲपमधलं एक बटण निळं असावं की हिरवं यावर पाऊण तास मीटिंग चालते आणि ती रेकॉर्ड होते. मीटिंग संपायच्या आत कोण काय बोललं याचा मजकूर चॅटवर येऊन पडतो. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं की मी तर तेव्हाच हिरवं म्हणत होतो, तर आम्ही त्याला बत्तिसाव्या मिनिटाची लिंक पाठवतो. विषय संपला. आता हे बघा. मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं, पुण्याचं १२,६१८ कोटींचं. हा पैसा ज्या खोल्यांमध्ये वाटला जातो तिथलं बत्तिसावं मिनिट तुम्हाला कुणी पाठवू शकेल का?

म्हणून मागणी अशी: महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, त्यांच्या स्थायी आणि इतर समित्या, जिथे जिथे लोकांच्या वतीने आणि लोकांच्या पैशाने निर्णय होतात, त्या सगळ्या बैठका थेट दिसल्या पाहिजेत. नंतर त्यांचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं पाहिजे. आणि हे कायद्याने बंधनकारक पाहिजे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी सभा फेसबुकवर किंवा यूट्यूबवर दाखवल्या जातातही. पण ती मेहेरबानी असते. महापौर उत्साही असला की लाइव्ह चालू, विषय अडचणीचा आला की ‘तांत्रिक कारणामुळे’ बंद. ते कारण नेमक्या त्याच दिवशी कसं उद्भवतं, हा प्रश्न माझ्यासारख्या तांत्रिक माणसालाही सुटलेला नाही.

यात क्रांतिकारक काही नाही, हेच लोकांना सांगून पटत नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा आहे. राणीच्या राज्यातला. त्या कायद्यात लिहिलंय की महापालिकेची सभा लोकांसाठी खुली असेल. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल तर हजर सदस्यांनी तसा ठराव बहुमताने करावा लागेल. म्हणजे खुली सभा हा नियम आणि बंद सभा हा अपवाद. मालमत्ता असणाऱ्या मूठभरांनाच मतदानाचा हक्क होता तेव्हा हे लिहिलं गेलं. आज प्रत्येक प्रौढाला मत आहे, तेव्हा त्याच्या बातम्यांचा पुरवठा त्या वेळपेक्षा कमी असावा?

मग २००५चा माहिती अधिकार कायदा. कलम ४ वाचा. सार्वजनिक प्राधिकरणांनी कुणी अर्ज करायची वाट न बघता स्वतःहून काय काय जाहीर करायचं याची तिथे यादी आहे. त्यात मंडळं, परिषदा आणि समित्या येतात. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हे सांगणंही येतं. पुढे त्याच कलमात म्हटलंय की जास्तीत जास्त माहिती इंटरनेटसकट वेगवेगळ्या माध्यमांतून स्वतःहून द्यावी, म्हणजे लोकांना हा कायदा कमीत कमी वापरावा लागेल. कायदा करणाऱ्यांनी २००५ मध्ये, लोकांच्या हातात स्मार्टफोन यायच्या आधी, इंटरनेट हा शब्द लिहून ठेवला. आपण अजून पीडीएफ स्कॅन करून वेबसाइटवर टाकतो. त्यातही वाकडी पानं.

‘सभा खुलीच आहे, या की बघायला,’ असं उत्तर येतं. बरोबर. प्रेक्षक कक्ष असतो. पण तिथे जायचं म्हणजे कामाच्या दिवशी रजा टाकायची. बऱ्याच ठिकाणी नगरसेवकाच्या ओळखीने किंवा नगरसचिवांच्या कार्यालयातून पास काढायचा. सभा अमुक वाजता बोलावलेली असते, गणपूर्ती व्हायला तासभर जातो. मग कुणीतरी उभं राहून शोकप्रस्ताव मांडतं, दोन मिनिटं स्तब्धता पाळली जाते आणि श्रद्धांजली वाहून सभा तहकूब होते. तुमची रजा गेली. डिलिव्हरी करणारा मुलगा, भाजीवाली, शिफ्टमध्ये काम करणारी नर्स, यांना तर तो दरवाजा १८८८ पासून आजपर्यंत बंदच आहे. खुला दरवाजा आणि पोहोचता येईल असा दरवाजा यांत फरक आहे. लाइव्ह प्रक्षेपण म्हणजे त्या प्रेक्षक कक्षात आणखी काही लाख खुर्च्या टाकणं, बस. नवा हक्क कुणी मागत नाहीये.

मी एकदा हे करून बघितलंय. आमच्या भागातल्या एका डीपी रस्त्याची आखणी बदलली. ती ज्या सभेत बदलली तिचं रेकॉर्डिंग मी माहिती अधिकारात मागितलं. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट. महिना संपता संपता उत्तर आलं: सोबत इतिवृत्ताची प्रत जोडली आहे, पानाला दोन रुपये. प्रतीत ते वाक्य होतं, कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. मी पहिलं अपील केलं. सुनावणीत मला अतिशय सौजन्याने सांगितलं गेलं की ध्वनिमुद्रण फक्त इतिवृत्त लिहिण्यापुरतं करतात, एकदा इतिवृत्त कायम झालं की ते पुसतात. साहेबांनी चहा पाजला. म्हणजे रेकॉर्डिंग होतं. यंत्र होतं, माइक होते, बटण दाबणारा माणूस पगारी होता. जे होतं ते पुसण्यावर खर्च झाला होता. मी ती महापालिका इथे सांगत नाही, कारण तुमच्या शहरात तुम्ही हाच अर्ज केलात तर उत्तर फार वेगळं येईल असं मला वाटत नाही.

‘ऐनवेळचे विषय’ आणि ‘उपसूचना’ हे दोन शब्द पालिकेची बातमी वाचणाऱ्यांना पाठ असतील. कार्यपत्रिकेवर नसलेला विषय आयत्या वेळी दाखल होतो. किंवा विषय कार्यपत्रिकेवर साधा असतो, त्याला उपसूचना जोडली जाते आणि ती वाचून न दाखवता ‘उपसूचनेसह मंजूर’ होतं. सकाळी कार्यपत्रिकेत जे होतं आणि संध्याकाळी जे मंजूर झालं ते दोन वेगळे प्राणी असतात. कॅमेरा चालू असेल तर उपसूचना निदान मोठ्याने वाचायला तरी लागेल, कारण न वाचता मंजूर केलेली दिसेल.

आता आरेचं बघू, कारण ते प्रकरण सगळ्यांना आठवतं आणि त्यातली ही बाजू फारशी कुणाला आठवत नाही. २९ ऑगस्ट २०१९. मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची बैठक. मेट्रो ३च्या कारशेडसाठी आरेमधल्या २,६४६ झाडांचा प्रस्ताव: २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे हलवायची. मंजूर झाला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबायला सांगितलं तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. त्या रात्रीचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. अंधारात मोबाइल धरून पळणारी मुलं, पोलीस, करवतींचा आवाज. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सहाजण एका फोनभोवती जमलो होतो.

पण झाडं त्या रात्री मेली नव्हती. ती २९ ऑगस्टला, एका सभागृहात, दिवसाढवळ्या, माइकवर मेली होती. त्या बैठकीचा व्हिडिओ कुणी पाहिलाय? बैठकीनंतर प्राधिकरणावरच्या दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. ज्या पद्धतीने मतदान झालं त्यावरच त्यांची तक्रार होती. वनस्पतिशास्त्र कळणारी माणसं, झाडांसाठीच त्या समितीवर नेमलेली, आणि मत कसं घेतलं गेलं यावर वाद! कोण खरं, कोण खोटं, यावर मग पेपरात बातम्या, कोर्टात कागद. दोन तासांची एक फाइल असती तर हा वाद दोन मिनिटांत मिटला असता. कदाचित तज्ज्ञांची बाजू खरी ठरली असती, कदाचित प्रशासनाची. मला इथे मेट्रो चूक की बरोबर यात पडायचंच नाही. मेट्रोच्या बाजूने असणाऱ्यालाही ती बैठक बघायचा तेवढाच हक्क होता. रात्री तीन वाजता आरेत धावून गेलेली मुलं २९ ऑगस्टच्या दुपारी घरबसल्या ती बैठक बघत असती, तर त्यांच्या हातात पाच आठवडे होते.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. लाइव्ह म्हटलं की लोक मुख्य सभाच डोळ्यापुढे आणतात. मुख्य सभेत राजदंड पळवतात, महापौरांच्या आसनापुढे मडकी फोडतात. ते बघायला मजा येते, पण पैसा तिथे नसतो. पैसा स्थायी समितीत असतो. पुण्यासारख्या महापालिकेत स्थायी समितीवर फक्त सोळा जण असतात आणि शहरातलं प्रत्येक मोठं टेंडर त्या सोळांच्या टेबलावरून जातं. वृक्ष प्राधिकरण, सुधार समिती, प्रभाग समित्या, शहराचा रोजचा चेहरा इथे ठरतो. फक्त मुख्य सभा लाइव्ह करून ‘आम्ही पारदर्शक’ असं म्हणणं म्हणजे दुकानाची काच पुसायची आणि गल्ल्यावर पडदा टाकायचा.

मधली जवळजवळ चार वर्षं तर काच पण नव्हती. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक बसले. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, स्थायी समिती म्हणून तो तपासायचा, सर्वसाधारण सभा म्हणून तो मंजूर करायचा. तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. ‘एकमताने’ हा शब्द महापालिकेच्या इतिहासात पहिल्यांदाच शंभर टक्के खरा ठरला असेल. ‘चर्चेअंती’चं काय करायचं ते मला कळत नाही. त्या काळात मंजूर झालेल्या हजारो कोटींच्या कामांवर कुणी कुणाला एक प्रश्न विचारल्याचं दृश्य उपलब्ध नाही, कारण विचारणारंच कुणी नव्हतं. १५ जानेवारी २०२६ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं आणि सभागृहं पुन्हा भरली. आता बोलणारी माणसं आहेत. ती बोलतात का, हे बघायची सोय हवी.

न्यायालयांचं उदाहरण मला फार आवडतं. एका कायद्याच्या विद्यार्थ्याला इंटर्न म्हणून काही दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात जाता येत नव्हतं. तो याचिका घेऊन गेला. स्वप्निल त्रिपाठी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. २६ सप्टेंबर २०१८ला न्यायालयाने मान्य केलं की खुलं न्यायालय म्हणजे आज प्रक्षेपणही आलं. प्रत्यक्षात घटनापीठाच्या सुनावण्या लाइव्ह सुरू झाल्या २७ सप्टेंबर २०२२ला. चार वर्षं आणि एक दिवस! मधल्या काळात गुजरात उच्च न्यायालयाने २०२० मध्येच यूट्यूबवर सुरुवात केली होती. आणि सर्वोच्च न्यायालयात पहिल्याच दिवशी जे खटले दिसले त्यांत आपल्या शिवसेनेचा सत्तासंघर्ष होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा घटनापीठ पाहिलं. दहावी अनुसूची हा शब्द चहाच्या टपरीवर आला. आभाळ कोसळलं नाही. वकील आणि न्यायाधीश आपापलं काम करत राहिले. म्हणजे देशातल्या सगळ्यात गंभीर खोलीत कॅमेरा चालतो. संसदेचं कामकाज दिसतं, आपल्या विधानसभेचं दिसतं. आणि ड्रेनेजच्या पाइपचा व्यास ठरवणाऱ्या खोलीत मात्र तो चालत नाही, कारण तिथली प्रतिष्ठा जपायला हवी!

आता आक्षेप. सगळ्यात जास्त ऐकू येणारा: कोण बघणार आहे? खरंय, कुणी बघणार नाही. पाच तासांच्या सभेला त्रेचाळीस व्ह्यूज येतील, त्यातले चार पत्रकार आणि एक मी. पण आमच्या धंद्यात सर्व्हरचे लॉग असतात. तेही रोज कुणी वाचत नाही. ज्या रात्री सिस्टिम कोसळते त्या रात्री सगळे तेच उघडतात. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी शिरेल तेव्हा नाला अरुंद करायचा विषय कोणत्या तारखेला आला होता, कोण काय बोललं होतं, हे शोधणारा एक चिडलेला माणूस पुरेसा आहे. तो असतोच. प्रत्येक गल्लीत एक असतो. आपण त्याला ‘रिकामटेकडा’ म्हणतो.

कधी कधी जगही बघतं. इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या हँडफोर्थ नावाच्या गावच्या पॅरिश कौन्सिलची डिसेंबर २०२० मधली झूम मीटिंग आठवते? आपल्या ग्रामपंचायतीसारखा प्रकार. सभासद एकमेकांवर ओरडतायत, मीटिंग चालवायला आलेल्या जॅकी वीव्हर बाई एकेकाला शांतपणे बाहेर काढतायत. व्हिडिओ दोन महिने कुणी बघितला नाही. मग एका तरुण मुलाच्या हाती तो लागला आणि फेब्रुवारीत सगळं जग हसत होतं. हसण्याच्या पलीकडे मला त्यात एक गोष्ट दिसली. तिथल्या माणसांना आपलं गावचं सरकार असं चालतं हे माहीतच नव्हतं. वेल्सने २०२१ मध्ये कायदाच केला की मोठ्या कौन्सिलांनी आपल्या खुल्या सभा प्रक्षेपित करायच्या. इंग्लंडमध्ये २०१४ पासून प्रेक्षकांना स्वतः चित्रीकरण करायची मुभा आहे. आपल्याकडे प्रेक्षक कक्षात फोन वर केला की शिपाई धावत येतो.

दुसरा आक्षेप: कॅमेरा आला की नगरसेवक नाटकं करतील. अहो, राजदंड पळवणं हे काय होतं? नाटकं आजही चालतात, फक्त ती बातमीदारांच्या कॅमेऱ्यासाठी असतात. तिथे तीस सेकंदांची क्लिप लागते, म्हणून तीस सेकंदांचं नाटक होतं. बाकीचे साडेचार तास कुणी दाखवत नाही. ज्याने अभ्यास करून, नकाशे घेऊन, निविदेतली अट क्रमांक सतरा पकडली त्याला क्लिप मिळत नाही, कारण अट क्रमांक सतरा दिसायला कंटाळवाणी असते. मला त्या नगरसेवकाची काळजी आहे. असे असतात, सगळ्या पक्षांत दोन-चार तरी असतात, आणि पुढच्या वेळी त्यांचं तिकीट कापलं जातं तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं. पूर्ण रेकॉर्डिंग हा त्यांचा बायोडेटा आहे. गप्प बसणाऱ्यांचाही.

क्लिप कापून बदनामी करतील, ही भीती मात्र खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसते असा व्हिडिओ फिरला, ते म्हणाले की आपण आलेली जाहिरात बंद करत होतो, आणि पुढचे दोन आठवडे महाराष्ट्र त्या काही सेकंदांवर बोलत राहिला. पण कापलेल्या क्लिपवर औषध एकच: न कापलेली फाइल. मूळ जिथे कुणालाही उघडता येतं तिथे कात्रीची किंमत उतरते.

खर्चाचा आक्षेप मला वैयक्तिक अपमानासारखा वाटतो. चला, हिशेब करू. ७२० पिक्सेलचा व्हिडिओ सेकंदाला अडीच मेगाबिट दराने पाठवला तर तासाला सव्वा जीबीच्या आत डेटा होतो. महिन्याला पाच तासांची एक मुख्य सभा म्हणजे वर्षाचे साठ तास, सत्तर जीबीच्या आत. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये वर्षभराच्या सभा मावून वर लग्नाचे फोटो राहतील. दर आठवड्याला दोन तासांची स्थायी समिती त्यात मिळवली तरी पाच वर्षांच्या पूर्ण कारकिर्दीला एक टीबीची हार्ड डिस्क पुरते. नगरसेवकांना अभ्यास दौऱ्यावर पाठवण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त आहे. आणि यंत्रणा जमत नाही म्हणू नका. कोविडमध्ये याच सभा व्हिडिओ कॉन्फरन्सवर भरल्या होत्या. तेव्हा सगळं जमलं.

शहराकडे कॅमेरेही कमी नाहीत. चौकाचौकात आहेत. हेल्मेट नसेल तर सिग्नल सुटायच्या आत चलन फोनवर येतं, तुमच्या गाडीच्या फोटोसकट. आपल्याला बघायला कंट्रोल रूम आहे, भिंतभर स्क्रीन आहेत. फक्त उलट्या दिशेने बघायचं म्हटलं की बँडविड्थ कमी पडते.

कसं करायचं हे सांगायला मला दोन परिच्छेद पुरे आहेत. सभागृहात एक स्थिर कॅमेरा, पूर्ण सभागृह दिसेल असा, ज्याला कुणी हात लावायचा नाही. कॅमेरा फिरवणारा माणूस आला की गोंधळाच्या वेळी तो छताकडे वळतो. लोकसभेच्या प्रक्षेपणाबद्दल विरोधकांची तक्रार हीच असते, आज जे सत्तेत आहेत तेही विरोधात असताना हेच म्हणायचे. आवाज दोन ठिकाणांहून: एक माइकच्या यंत्रणेतून, दुसरा सभागृहातल्या स्वतंत्र माइकवरून, म्हणजे पीठासीनांनी कुणाचा माइक बंद केला तरी तो काय बोलला ते ऐकू येईल. प्रक्षेपण यूट्यूबवर करा, हरकत नाही, लोक तिथेच आहेत. पण मूळ फाइल फक्त तिथे ठेवू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाचं यूट्यूब चॅनल हॅक होऊन त्यावर क्रिप्टोची जाहिरात चालू होती. फाइल नगरसचिवांच्या दप्तरात, महापालिकेच्या सर्व्हरवर आणि राज्य अभिलेखागारात, तिन्हीकडे हवी. फाइलीचा हॅश सभा संपताच जाहीर करा, म्हणजे नंतर मधली दहा मिनिटं उडवली तर कुणालाही पकडता येईल.

आणि कार्यपत्रिकेतल्या प्रत्येक विषयापुढे वेळ लिहा: विषय १४, दोन तास अकरा मिनिटं. हे नसेल तर पाच तासांचा व्हिडिओ म्हणजे गवताची गंजी. नुसतं एआयवर सोडून चालणार नाही. २०२५ मध्ये केंद्राने ग्रामसभेच्या रेकॉर्डिंगवरून इतिवृत्त बनवणारं ‘सभासार’ आणलं. चांगली गोष्ट आहे, ग्रामसेवकाचे तास वाचतील. पण मूळ रेकॉर्डिंग लोकांना उघडं नसेल तर त्या यंत्राकडून आपल्याला तेच वाक्य मिळेल, फक्त लवकर.

ग्रामसभेवरून आठवलं. तिथे मी इतका ठाम नाही. ग्रामसभेत बोलणारा माणूस निवडून आलेला नसतो, तो गावातला मतदार असतो. एखादी बाई रेशन दुकानदाराविरुद्ध बोलते, एखादा दलित तरुण गायरानावरच्या अतिक्रमणाचं नाव घेतो, आणि ज्याच्याविरुद्ध बोललं तो संध्याकाळी व्हिडिओ बघून दारात येतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून मी त्याला ‘पारदर्शकता’ म्हणणार नाही. महिलांची ग्रामसभा वेगळी घ्यायची पद्धत आली ती उगाच नाही. तिथे पदाधिकारी काय बोलतात आणि खर्चाचा हिशेब कसा मांडतात ते दिसावं, तक्रार करणाऱ्याचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय दिसू नये. कॅमेऱ्याचं तोंड सत्तेकडे हवं. महापालिकेच्या सभागृहात हा प्रश्नच येत नाही. तिथे बोलणारा प्रत्येकजण मानधनावर नाहीतर पगारावर असतो.

काही विषय खरोखर बंद दाराआडचे असतात, हेही मान्य. कर्मचाऱ्याची शिस्तभंगाची चौकशी, कोर्टातल्या दाव्यातली आपली बाजू, उघडायच्या आधीच्या निविदा. त्यासाठी १८८८ची तरतूद आहेच. फक्त दार बंद करायचा ठराव कॅमेऱ्यासमोर व्हावा, कारण सांगून, आणि कोण बाजूने कोण विरोधात हे नावानिशी दिसावं.

हे सगळं व्हायला राज्याने मुंबईचा १८८८चा, बाकी महापालिकांचा १९४९चा आणि नगरपरिषदांचा १९६५चा कायदा दुरुस्त करावा लागेल. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या महापालिकेला ठराव करायला कुणी अडवलेलं नाही. जानेवारीत तुमच्या प्रभागातून कुणीतरी निवडून आलंय. मुंबईत एक, पुण्यासारख्या ठिकाणी बहुतेक चार. प्रचाराच्या पत्रकावर त्यांचा व्हॉट्सॲप नंबर होता, ‘चोवीस तास तुमच्या सेवेत’ या ओळीखाली. पत्रक रद्दीत गेलं नसेल तर त्यावर एकच प्रश्न पाठवा: स्थायी समितीच्या बैठका लाइव्ह करण्याचा ठराव तुम्ही मांडणार आहात का, आणि कोणत्या सभेत? उत्तर आलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. नाही आलं तरी दोन निळ्या टिकांचा काढून ठेवा.